गाडीचे गिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गाडी चालवायला शिकवताना पहिल्या दिवशी जे प्रश्न येतात आणि परवाना मिळून वर्ष झाल्यावर जे फोनवर येतात, ते इथे एकत्र केलेत. काहींचं उत्तर एका ओळीत संपतं. घाटाबद्दल विचारलंत तर मात्र मी जास्त बोलणार.

गाडीला गिअर लागतातच कशाला? इंजिन थेट चाकाला जोडलं तर?

करून बघू, कागदावर. पेट्रोल इंजिन जागच्या जागी धुगधुगत असतं तेव्हासुद्धा मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. लहान कारच्या चाकाचा घेर १.८ मीटरच्या आसपास. इंजिनाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा असा हिशेब धरला, तर अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी ताशी ८६ किलोमीटरने पळायला हवी! ती अर्थातच पळणार नाही. उभ्या गाडीचं वजन एकदम अंगावर आलं की इंजिन गपकन बंद पडेल.

पेट्रोल-डिझेल इंजिनाचा स्वभावच असा आहे. फार हळू फिरलं तर मरतं, फार जोरात फिरलं तर फुटतं. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १,५०० ते ४,००० फेऱ्यांत, ते खुशीत असतं. गाडीला मात्र गोगलगाईपासून एक्सप्रेस-वेपर्यंत सगळे वेग हवे असतात. या दोघांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स.

म्हणजे गिअर इंजिनाची ताकद वाढवतात?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

उन्हाळ्यात रसवंतीवर उभे राहता तेव्हा यंत्राकडे नीट बघा. मोटर भन्नाट फिरत असते. तिच्यावरचा पट्टा मोठं चाक फिरवतो, मग लहान दातेरी चक्र मोठ्या दातेरी चक्राला ढकलतं आणि शेवटी चरकाचे रोलर म्हशीच्या चालीने फिरतात. पण त्याच मंद रोलरमध्ये उसाचं कांडं चिपाड होऊन बाहेर पडतं. मोटरच्या दांड्यावर थेट ऊस दाबला असता तर मोटर अडली असती. मोटर तीच, तिची शक्तीही तीच. वेग सोडला आणि त्या बदल्यात जोर घेतला, एवढाच व्यवहार. त्यातही दात्यांच्या घर्षणात थोडी दलाली जाते.

पहिला गिअर म्हणजे चरक. पाचव्यात हाच सौदा उलटा, जोर देऊन वेग घ्यायचा.

आकड्यांत सांगाल का?

सांगतो. एका सर्वसाधारण छोट्या कारचा पहिला गिअर ३.५ आणि पाचवा ०.८ धरा. गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना आणखी एक कायमची दातेरी जोडी असते, ती ४ धरा.

पहिल्यात ३.५ गुणिले ४, म्हणजे १४. इंजिनाच्या चौदा फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. इंजिन २,००० वर असताना गाडी ताशी १५ किलोमीटर चालते. पण इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो ९० न्यूटन-मीटर असेल तर चाकाशी घर्षण वगळून १,२६० होऊन पोचतो.

पाचव्यात ०.८ गुणिले ४, म्हणजे ३.२. तेच इंजिन, तेच २,००० फेरे, पण वेग ताशी ६७ आणि चाकाशी टॉर्क फक्त २८८. आता कळलं असेल की पाचव्यात चढ आला की गाडी का रडते.

क्लच नेमकं काय करतो?

फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची ओळख हळूहळू करून देतो. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाची जड तबकडी सतत फिरत असते. तिच्यावर क्लच प्लेट स्प्रिंगने दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की प्लेट सुटते, सोडलं की पुन्हा चिकटते. पाय हळू सोडताना ती थोडी घसरत घसरत चिकटते. गाडी धक्का न देता निघते ती या घसरण्यामुळे. आणि घसरतानाच ती झिजते.

गिअर टाकताना आत दात एकमेकांत घुसतात ना?

हल्लीच्या गाडीत नाही. हे सांगितलं की चाळीस वर्षं ट्रक चालवलेली माणसंही भुवया वर करतात.

पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या आत कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात आणि कायम फिरत असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या आतल्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, मोकळं फिरतं, बांगडी हातात फिरावी तसं. तुम्ही गिअरचा दांडा हलवता तेव्हा आत एक चिमटा एका कड्याला सरकवतो आणि ते कडं त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडतं. जी बांगडी जखडली, तो गिअर पडला. बाकीच्या आपल्या मोकळ्या फिरत राहतात.

अडचण अशी की कड्याचा आणि चक्राचा वेग वेगळा असतो. धावत्या एसटीत चढताना आपण आधी चार पावलं तिच्याबरोबर पळतो (चढू नये, पण उदाहरण सगळ्यांना कळतं), तसं इथेही आधी वेग जुळवावा लागतो. ते काम पितळेच्या जातीच्या धातूची एक निमुळती कडी करते, तिला सिंक्रो रिंग म्हणतात. ती आधी घासून वेग सारखा करते आणि मगच कड्याला पुढे जाऊ देते. ही सोय पहिल्यांदा अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅकच्या गाडीत आली.

त्याआधी, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत तर त्यानंतरही बरीच वर्षं, हे जुळवणं ड्रायव्हरच्या पायावर होतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अंदाजाने रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. याला डबल क्लच म्हणत. जुने ड्रायव्हर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा न बघता, नुसत्या आवाजावर हे करत. ती खरी कला होती. आता गरज उरली नाही याचं मला वाईट वाटत नाही, पण ज्यांना जमायचं त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

मग तो 'खर्रर्र' आवाज कसला?

वेग जुळायच्या आत कडं चक्रावर आपटल्याचा. दहातल्या नऊ वेळा क्लच पूर्ण दाबलेला नसतो. पूर्ण दाबूनही एकाच ठरावीक गिअरला खरखर येत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असावी. सगळ्याच गिअरना येत असेल तर संशय क्लचवर घ्या. तो पूर्ण सुटत नसेल. गिअर पडत नाही म्हणून दांडा जोरात दामटणारे भेटतात. अर्धा सेकंद थांबा, तो पडतो.

रिव्हर्सलाच रडका आवाज का येतो?

पुढच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. एक दाता सुटायच्या आत पुढचा हळूच लागू होतो, म्हणून आवाज नसतो. रिव्हर्सचे दाते बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले असतात. ते स्वस्त आणि दणकट असतात, पण एकेक दाता टकटक करत लागतो आणि त्याचीच ती ऊं-ऊं होते. उलटी दिशा मिळवायला दोन चक्रांच्या मध्ये तिसरं घातलेलं असतं. पुष्कळदा इथे सिंक्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका.

रिव्हर्स हा बहुधा पहिल्याच्याच जोराचा गिअर असतो. अमेरिकेत १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत पेट्रोल टाकीतून नुसतं उताराने इंजिनात यायचं. खड्या चढावर टाकी इंजिनाच्या खाली जायची आणि पेट्रोल थांबायचं. मग लोक गाडी वळवून टेकडी रिव्हर्समध्ये चढवत.

पहिल्यावरून थेट तिसरा टाकला तर चालतं?

वेग पुरेसा असेल तर खुशाल. वर जाताना गिअर गाळल्याने काही मोडत नाही.

धोका खाली येताना. ताशी १०० ला चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन सात हजारांपर्यंत फेकलं जातं. इंजिन जास्त फिरू नये म्हणून इंधन तोडणारी यंत्रणा इथे वाचवत नाही, कारण इंजिनाला आता इंधन नाही, चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊ शकते आणि मग बिल मोठं येतं.

घाटात कोणता गिअर?

चढताना एकच कसोटी: पाय दाबल्यावर गाडी प्रतिसाद देते का? देत नसेल तर वळणाच्या आधी खालचा गिअर टाका. वळणात शिरून, गाडी मेल्यावर, घाईने टाकू नका. पसरणी घाटात वाईहून पाचगणीकडे जाताना शिकाऊ माणूस नेमका हेअरपिनच्या वळणात अडकतो, कारण तो तिसऱ्याची आशा सोडत नाही. तिथे दुसरा लागतो. गाडीत पाच जण आणि डिकीत सामान असेल तर कधी पहिलाही. त्यात कमीपणा काही नाही.

उतरताना मी सगळ्यांना एकच सांगतो: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्यात पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात, इंजिन विरोध करतं आणि गाडी आपोआप धरून राहते. चढताना गिअर इंजिनाचा जोर वाढवून चाकाला देतो, उतरताना तोच गिअर इंजिनाचा अडथळा वाढवून चाकाला देतो. चरकाचाच व्यवहार, दुसऱ्या बाजूने.

ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते. आधी करपल्यासारखा वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं, पाणी धरलेलं असेल तर ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. वास आला की रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास चहा घ्या. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. त्यामागेही गिअरच आहेत. चढणाऱ्याने थांबून पुन्हा निघायचं म्हणजे पहिला गिअर, हाफ क्लच आणि मागे घसरण्याची भीती. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो.

उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं ना?

कार्बोरेटरच्या काळातली ही समजूत अजून जिवंत आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, तर इंजिनाला इंधन जवळजवळ बंद होतं. चाकंच त्याला फिरवत ठेवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन जिवंत ठेवायला थोडं इंधन जाळावं लागतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि इंजिनाचा ब्रेकही जातो. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना तर हात जोडतो. ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं.

जितका वरचा गिअर तितकं अॅव्हरेज जास्त?

काही मर्यादेपर्यंत. ताशी ३५ ला पाचवा टाकून पाय दाबला की गाडी थरथरते, इंजिन कण्हतं. चढावर वर्गातल्या सगळ्यात बारक्या पोराला पोतं उचलायला लावावं तसं होतं ते. पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो आणि इंधनही वाचत नाही. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने वरचा गिअर ठीक. ओढायची वेळ आली की खालचा.

गिअरच्या दांड्यावर हात ठेवून चालवलं तर काय बिघडतं?

आतला चिमटा सतत फिरणाऱ्या कड्यावर दाबून राहतो आणि झिजतो. क्लचवर पाय टेकवून चालवणं त्याहून वाईट. तुम्हाला वाटतं पाय नुसता ठेवलाय, क्लचला वाटतं अर्धा दाबलाय.

क्लच प्लेट किती किलोमीटर टिकते?

हे गाडीपेक्षा पायावर अवलंबून आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या मी पाहिल्यात. एकीची प्लेट लाखभर किलोमीटर गेली आणि दुसरीची वीस हजारांत संपली. दुसरी गाडी रोज चढावरच्या सिग्नलला हाफ क्लचवर तोलली जायची. चढावर हँडब्रेक वापरा, त्यासाठीच तो आहे.

प्लेट गेल्याची खूण: वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी तेवढी पळत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचं असं झालं तेव्हा एका गॅरेजवाल्याने 'गिअरबॉक्सच उतरवून नवा टाकू' म्हणून मोठा आकडा सांगितला होता. दुसऱ्याने प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलून गाडी दिली. ती अजून चालते. मोठ्या कामाआधी दुसऱ्याचं मत जरूर घ्या.

स्कूटरला गिअर नसतात म्हणजे आत काय असतं?

जुन्या बजाज चेतकला गिअर होते, डाव्या मुठीत, क्लच दाबून मूठ पिळायची. लूनाला एकच वेग आणि आपोआप लागणारा क्लच. आजच्या गिअरलेस स्कूटरमध्ये दोन पुली आणि मध्ये पट्टा असतो. पुढच्या पुलीत वजनदार रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन बाजू जवळ येतात. पट्टा पुढे वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो. म्हणजे पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे सगळे गिअर, मधले अपूर्णांकसुद्धा, पायऱ्यांऐवजी उतरणीसारखे मिळतात.

हे रोलर गोल असतात तोवर ठीक. झिजून एका बाजूला चपटे झाले की स्कूटर निघताना थरथरते आणि पिकअप मरतो. पट्टा तुटला की इंजिन चालू राहतं आणि स्कूटर जागेवर.

ऑटोमॅटिक कारमध्येही हेच?

एका प्रकारात हेच, त्याला सीव्हीटी म्हणतात. कारमध्ये रबरी पट्ट्याची ही युक्ती नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली आणली. ती गाडी रिव्हर्समध्येही पुढच्याइतक्याच वेगाने पळायची, त्यामुळे पुढे तिथे तिच्या उलट्या शर्यती भरू लागल्या! आजच्या कारमध्ये रबराऐवजी धातूचा पट्टा किंवा साखळी असते.

आपल्याकडे स्वस्तात मिळते ती एएमटी. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून ती भारतात आली. यात गिअरबॉक्स आणि क्लच अगदी साधेच, मॅन्युअलचेच. फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला यंत्राचे हात असतात. म्हणून अॅव्हरेज मॅन्युअलइतकंच मिळतं आणि म्हणूनच गिअर बदलताना मान डोलते. बदलायच्या क्षणी पाय जरा सैल केला तर डोलणं कमी होतं.

टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या प्रकारात घासणाऱ्या क्लचऐवजी तेल असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसं एक पातं तेल फेकतं आणि दुसरं फिरतं. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण तेलाला घसरायला हरकत नसते. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात निवांत हाच.

ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम. तिसऱ्यात असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल झटक्यात होतो. सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत ही पद्धत २००३ साली फोक्सवॅगन गोल्फमधून आली. मोकळ्या रस्त्यावर मजा येते. रोज पुण्याच्या गर्दीत इंचाइंचाने सरकायचं असेल तर त्यातला कोरडा, म्हणजे तेलात न बुडवलेला, क्लच तापतो. मी घेतली नसती.

एएमटी चढावर मागे का येते?

कारण आत साधा क्लच आहे आणि ब्रेक सोडून अॅक्सिलरेटर देईपर्यंत तो पूर्ण लागलेला नसतो. हिल-होल्ड असेल तर ती सोय दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवते. अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळेल.

ऑटोमॅटिक गाडी पी (पार्किंग) वर लावली की हँडब्रेकची गरज काय?

पी मध्ये गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकात छोटी खुंटी अडकते. उतारावर हँडब्रेक न लावता पाय सोडला की अख्ख्या गाडीचं वजन त्या खुंटीवर लटकतं आणि पुढच्या वेळी पी मधून काढताना 'खाट' आवाज येतो. आधी ब्रेक दाबून एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पायातला ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबून पी.

मॅन्युअल गाडी उतारावर लावताना तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स.

उसाचा ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्या कशा ओढतो? इंजिन तर कारपेक्षा फार मोठं नसतं.

गिअरमुळे. साध्या गिअरशिवाय हाय आणि लो असा आणखी एक दांडा असतो, त्यामुळे जोर अनेक पटींनी वाढतो आणि वेग माणसाच्या चालीवर येतो. जोर इतका की चढावर पुढची चाकं उचलली जातात, हे कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला सांगायला नको. मागे चालताना अंतर ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीला गिअर का नसतात?

मोटरला धुगधुगत राहावं लागत नाही. शून्य फेऱ्यांवरच ती पूर्ण जोर देते आणि दहा-पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत आरामात जाते. म्हणून बहुतेक कारमध्ये एकच कायमची दातेरी जुळणी असते, साधारण मोटरच्या नऊ-दहा फेऱ्यांना चाकाचा एक. म्हणजे गिअर नाहीत असं नाही, बदलायचे नाहीत. रिव्हर्ससाठी मोटरच उलटी फिरते. घाट उतरताना इंजिनाऐवजी मोटर गाडी धरते आणि वर बॅटरीत वीज भरते. पण वरूनच बॅटरी पूर्ण भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि धरणं कमी होतं. हे लक्षात असू द्या.

गिअर ऑइल बदलावं लागतं?

लागतं, आणि लोक ते विसरतात कारण ते जळून कमी होत नाही. किती किलोमीटरला आणि कोणतं, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दुकानदाराने 'हे जास्त भारी' म्हणून जीएल-४ च्या जागी जीएल-५ (ही गिअर ऑइलच्या दर्जाची नावं) दिलं तर घेऊ नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला बाधू शकतात. सीव्हीटीचं तेल पूर्ण वेगळं असतं, त्यात दुसरं काही गेलं तर पट्टा घसरतो.

मुलगी शिकायला इंग्लंडला चालली आहे. इथे ऑटोमॅटिकवर शिकवू की मॅन्युअलवर?

मॅन्युअलवर. आपल्या परवान्यावर तिला तिथे पहिले बारा महिने गाडी चालवता येईल, पुढे तिथली परीक्षा द्यावी लागेल. ती परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो. मॅन्युअलवर दिली तर दोन्ही चालवता येतात. क्लास लावायच्या आधी तिला एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानावर घेऊन जा आणि अॅक्सिलरेटरला हात न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायला सांगा. दहा-बारा वेळा बंद पडेल. पडू द्या.